मण्यार, मायक्रोग्लिया आणि 'मी'

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात मृग बरसला की "पान लागलं", म्हणजे साप चावला, हे शब्द पुन्हा कानावर यायला लागतात. पेरणीची घाई असते, घरात उकाडा असतो आणि दमलेली माणसं ओसरीत, नाही तर चुलीपाशीच जमिनीवर अंथरूण टाकून निजलेली असतात. रात्री भक्ष्याच्या शोधात फिरणारी मण्यार याच दिवसांत उंबरा ओलांडते. तिचा दंश इतका बारीक की झोपलेल्याला बहुतेकदा कळतच नाही. सूज नाही, आग नाही, कधी कधी दातांची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, घरातलं कुणी ओवा आणि मीठ हातावर ठेवतं. थोड्या वेळाने पापण्या जड होतात, उघडू म्हटलं तरी उघडत नाहीत. जीभ अडखळते, थुंकी गिळवत नाही, मान एका बाजूला कलते. उजाडायच्या सुमारास छातीचे स्नायूही साथ सोडतात.

याच मुखेडमध्ये डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं उपचार केले आणि ग्रामीण महाराष्ट्रातला आपला दहा वर्षांचा अनुभव २००५मध्ये 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'त मांडला. या विषयातलं शहाणपण तालुक्याच्या गावी तयार व्हावं हे साहजिकच आहे. साप चावतो तो तिथे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने दगावली असा अंदाज २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत जागा दिली ती २०१७मध्ये. दुर्लक्ष झालं आहे हे कबूल करायलाही तेवढा काळ गेला.

इथे मात्र प्रश्न उपचारांचा नाही. मण्यार चावलेल्या माणसाकडे पाहून जो प्रश्न पडतो तो डॉक्टरांइतकाच कीर्तनकारांचाही आहे.

मण्यारीचं विष मज्जातंतूचं टोक आणि स्नायू यांच्यामधला निरोप तोडतं. त्यातला एक घटक स्नायूवरची निरोप घेण्याची जागा अडवतो. दुसरा जास्त चिवट. तो मज्जातंतूचं टोकच नासवतो. ते टोक पुन्हा फुटायला दिवस लागतात, कधी आठवडे. म्हणून प्रतिविष देऊनही रुग्णाला बराच काळ व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. या काळात डोळे मिटलेले असतात. पापणी वर करून बॅटरी मारली तरी कधी कधी बाहुली दाद देत नाही, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. पाहणारा म्हणेल, संपलं. असे रुग्ण मेंदूमृत भासल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी केल्या आहेत. १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली मेंदूमृत्यूचा दाखला देण्याआधी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते, आणि मृत्यूचं सोंग आणणारी औषधं, विषं त्याआधी वगळावी लागतात. मण्यारीच्या विषाइतकं हुबेहूब सोंग दुसऱ्या कुणाला क्वचितच जमतं.

आतला माणूस जागा असतो. विष मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला थोपवतो. कोणी उशाशी रडलं, कोणी "आता नांदेडला नेऊन तरी काय उपेग" म्हटलं, कोणी दबक्या आवाजात वाटणीचा विषय काढला, तर ते सगळं त्याच्या कानावर पडत असतं. हात हलायला लागल्यावर असे रुग्ण ते बोलून दाखवतात. अतिदक्षता विभागातल्या मुरलेल्या सिस्टर नातेवाइकांना खाटेपासून लांब जाऊन बोलायला लावतात ते उगाच नाही.

वेदान्त मानणाऱ्याला यापेक्षा चांगला दाखला कुठे मिळेल? मुखेडच्या सरळ पश्चिमेला अंबाजोगाई आहे. तिथे मुकुंदराजांची समाधी दाखवतात. त्यांचा 'विवेकसिंधू' शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा मानला जातो आणि मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. देह मी नव्हे, इंद्रियं मी नव्हे, मन-बुद्धीसुद्धा मी नव्हे. हे सगळं ज्याला दिसतं तो साक्षी मी, ही अद्वैताची वाट त्यात मराठीतून उलगडली आहे. मण्यार चावलेला माणूस जवळजवळ त्याच वाटेवर पडलेला असतो. हात त्याचं ऐकत नाही, डोळा ऐकत नाही, श्वास यंत्राच्या ताब्यात. उरतो तो नुसता पाहणारा; खरं तर ऐकणारा. एकादशीच्या कीर्तनात हा दृष्टान्त निघाला तर माना डोलतील.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या तिसऱ्या अध्यायात लोकायतांशी हाच वाद घातला आहे. लोकायतांचं म्हणणं, जाणीव हा देहाचाच गुण. देह आहे तोवर ती असते, देहावाचून ती कोणी पाहिली? आचार्य उलट विचारतात, मेल्यावरही देह काही वेळ तसाच असतो, रूप तसंच असतं, जाणीव मात्र नसते, मग ती देहाचा गुण कशी? पुढे ते दिव्याचं उदाहरण देतात. अंधारात दिवा असला तर दिसतं, नसला तर दिसत नाही. तेवढ्यावरून पाहणं हा दिव्याचा गुण ठरत नाही. देह हेही असंच साधन. मेंदूवरचं व्याख्यान संपल्यावर आजही श्रोत्यांतून कोणी ना कोणी उठून हाच मुद्दा विचारतं, आणि व्याख्याते घड्याळाकडे पाहतात.

मण्यारीचा दाखला मात्र वाटतो तितका साक्षीच्या बाजूचा नाही. मुक्रमाबादेकडून किंवा बाऱ्हाळीकडून मुखेडला आणताना वाटेत, जीपमध्येच, श्वास थांबला आणि तोंडावर श्वास देणारी आंबू बॅग धरून ती दाबणारं कोणी नसलं, तर चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरायला लागतात. त्याआधीचा तास मारुतीच्या पारावर गेलेला असतो. कडुलिंबाचा पाला चावायला देऊन तो कडू लागतो का, हे पाहण्यात गेलेला असतो. मग प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही मिळूनही जो परत येतो तो आधीचा नसतो. हृदय चालतं, आठवड्याने श्वासही स्वतःचा स्वतः चालतो, डोळे उघडतात. ऐकणारा मात्र गेलेला असतो किंवा अर्धामुर्धा उरलेला असतो. विषाने ज्याला हात लावला नाही, त्याला प्राणवायूच्या तुटवड्याने गाठलं. रबराची एक पिशवी कोणी दाबली की नाही, यावर साक्षीचं असणं-नसणं ठरलं.

त्या मिनिटांनंतर मेंदूत जी धावपळ उडते, तिच्यात पुढे असतात मायक्रोग्लिया. चेतापेशींना सगळे ओळखतात. मेंदू म्हणजे चेतापेशींचं जाळं, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. मायक्रोग्लियांच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही. स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९मध्ये चांदीच्या क्षाराने मेंदूचे काप रंगवून या पेशी वेगळ्या ओळखल्या आणि त्यांचं बारसं केलं. मज्जासंस्थेच्या रचनेवरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले त्यांचे ज्येष्ठ रामोन इ काहाल यांनी या पेशी 'तिसरा घटक' म्हणून एका गठ्ठ्यात टाकल्या होत्या. ओर्तेगांनी तो गठ्ठा सोडवला. दोघांचं बिनसलं, पुढे देशात यादवी पेटली, आणि ओर्तेगा १९४५मध्ये मायदेशापासून दूर ब्युनोस आयरीसला वारले. त्यांच्या पेशींकडेही नंतरची कितीतरी वर्षं फारसं कोणी पाहिलं नाही.

मेंदूतल्या दर शंभर पेशींत साधारण पाच ते दहा मायक्रोग्लिया असतात. २००५मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत त्या काम करताना पाहता आल्या. तोवर त्या एरवी निजून असतात आणि दुखापत झाली की जाग्या होतात अशी समजूत होती. पाहिलं तर त्यांच्या बारीक फांद्या अखंड हलत होत्या, भोवतालचा प्रत्येक कोपरा चाचपत होत्या; काही तासांत साऱ्या मेंदूवरून एक फेरी पुरी होईल, असा तो वेग. कुठे पेशी फुटली तर मिनिटांत फांद्या तिकडे वळतात. मेलेलं गिळणं, जंतूंशी झुंजणं, जखमेभोवती कडं करणं, ही त्यांची कामं.

प्राणवायू तुटलेल्या मेंदूतही हेच चालतं, पण त्यात एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे. ताणाखाली आलेली चेतापेशी आपल्या पृष्ठभागावर 'मला खा' असा रासायनिक संकेत उघडा करते. ती अजून जिवंत असते, कदाचित सावरलीही असती. मायक्रोग्लिया तिलाही गिळतात. डोक्याला मार बसलेल्या काही माणसांच्या मेंदूत अपघाताला कित्येक वर्षं उलटल्यावरही या पेशी चवताळलेल्या अवस्थेत सापडल्या आहेत. राखणदार कोणाला म्हणायचं आणि घातकी कोणाला, हे इथे क्षणाक्षणाला बदलतं.

शिवाय या पेशी मूळच्या मेंदूच्या नाहीतच. उंदरांवरच्या २०१०मधल्या संशोधनाने त्यांचं कूळ शोधलं. गर्भ अगदी कोवळा असताना, त्याला लागून असलेल्या पीतक पिशवीत त्या जन्मतात. नातं रक्तातल्या संरक्षक पेशींशी. तिथून वाट काढत त्या घडत्या मेंदूत शिरतात आणि तिथल्याच होऊन जातात. चेतापेशी बहुतेक जन्मभर त्याच राहतात. मायक्रोग्लिया मात्र बदलत असतात. अणुचाचण्यांनी हवेत मिसळलेल्या कार्बनच्या खुणेवरून पेशींचं वय काढणाऱ्या २०१७मधल्या अभ्यासात माणसातल्या मायक्रोग्लियांचं सरासरी वय चार वर्षांच्या आसपास निघालं.

या परक्यांच्या हाती मोठं काम असतं. बाळाच्या मेंदूत चेतापेशींमधल्या जोडण्या लागतात त्याहून कितीतरी जास्त तयार होतात. ज्या वापरात राहतात त्या टिकतात, बाकीच्यांवर रक्षणयंत्रणेतली काही प्रथिनं खूण करतात आणि खूण केलेल्या जोडण्या मायक्रोग्लिया खाऊन टाकतात. २००७ ते २०१२ या काळात उंदरांवरच्या प्रयोगांतून ही साखळी एकेक कडीने जुळत गेली. ही छाटणी हात राखून झाली नाही तर काय, याचा एक धागा २०१६मध्ये हाती लागला: याच यंत्रणेतल्या एका जनुकाचे काही प्रकार असलेल्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त असतो. दुसऱ्या टोकाला, मायक्रोग्लियांना जगवणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या बाळाची नोंद २०१९मधली आहे. मेंदूत या पेशी जवळपास नव्हत्याच, आणि मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पूल तयारच झाला नव्हता.

म्हणजे ज्या जाळ्यावर आपली भाषा, आपले राग-लोभ, आईच्या हाताच्या वासाची आठवण उभी आहे, ते जाळं बाहेरून आलेल्या पेशींनी कुरतडून आकाराला आणलं आहे. लोकायतांनासुद्धा इतकं टोकाचं सुचलं नव्हतं. जाणीव देहाची, एवढंच ते म्हणत होते; देहातल्या कोणाची, हे त्यांनी विचारलं नव्हतं.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस. मण्यार चावलेल्याचा देह थांबलेला असतो आणि माणूस शाबूत असतो. या दुसऱ्याच्या बाबतीत उलट. मुखेड, अहमदपूर, उदगीर या पट्ट्यात लिंगायत समाजाची वस्ती मोठी आहे. तिथल्या कुठल्याही गल्लीत दिसावी अशी म्हातारी. पहाटे उठते, अंघोळ करते, कपाळाला विभूती लावते, गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवते, बेल वाहते. बोटं चुकत नाहीत. पुण्याहून सणाला आलेला लेक समोर बसून विचारतो, "माय, मी कोन हाय, वळखलीस का?" ती त्याच्याकडे पाहून मान हलवते आणि पाहुण्याला पाणी द्या म्हणून सुनेला सांगते. "साठी बुद्धी नाठी" म्हणून शेजारी सोडून देतात. हा आजार आहे आणि त्याला नाव आहे, हे घराला कळायला दोन-तीन वर्षं सहज जातात.

भारतातल्या साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले असावेत, असं २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचं अनुमान आहे. प्रमाण शहरापेक्षा खेड्यात जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ज्या तालुक्यांतून तरणी माणसं पुण्याला, हैदराबादला, नाही तर ऊसतोडीला निघून जातात, तिथे या म्हाताऱ्यांजवळ कोण असतं, हे वेगळं सांगायला नको.

स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार असलेल्या अल्झायमरमध्ये मायक्रोग्लियांचं वागणं कोड्यात टाकणारं आहे. अमिलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्यांभोवती त्या गोळा होतात, गुठळी आवळून धरतात, जमेल तेवढी खातात. 'ट्रेम-२' या मायक्रोग्लियांवरच्या प्रथिनाच्या जनुकात विशिष्ट बदल असेल तर अल्झायमरचा धोका जवळपास तिपटीने वाढतो, हे २०१३मध्ये दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी दाखवलं. यावरून त्या राखणदार ठरतात. पण २०१६मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की गुठळ्या जमण्याच्याही आधी त्याच पेशी धडधाकट जोडण्या खायला लागलेल्या असतात, आणि खूण करणारी प्रथिनंही तीच, बाळपणी छाटणी करणारी. ज्या हातांनी घडवलं तेच हात उलटे फिरतात. म्हातारीची बोटं बेल वाहायला का चुकत नाहीत याचं उत्तरही यात आहे: रोजच्या सवयीच्या वाटा मेंदूच्या वेगळ्या भागांतून जातात, आणि या आजाराची कुरतड तिथे उशिरा पोचते.

मग शंकराचार्यांचा दिवा विझला का? प्रामाणिकपणे पाहिलं तर नाही. वेदान्ती म्हणेल, दिवा मंद झाला, पाहणारा जिथल्या तिथे आहे; मायक्रोग्लियांनी खाल्लं ते साधन खाल्लं. प्रयोगशाळेतला कोणताही प्रयोग हे खोडू शकत नाही, कारण जो साक्षी काही करत नाही, काही आठवत नाही, कशावर खूण ठेवत नाही, त्याला पकडायचं कशाने? इथेच त्याची किंमत कळते. जो उरतो असं वेदान्त सांगतो त्याला नाव नाही, लेक नाही, आवडती भाजी नाही. मुकुंदराजांना हेच हवं होतं. उपाधी गळून पडाव्यात म्हणून तर साधना. पण "माय, वळखलीस का" विचारणारा लेक साक्षीला शोधत नसतो. तो त्या बाईला शोधत असतो, जिने त्याला मारलं होतं, मग रात्री तूप-भाकरी भरवली होती, आणि ती बाई तर सगळी उपाधींचीच बनलेली होती. तिच्या अमरत्वाची ग्वाही 'विवेकसिंधू' देत नाही. देऊही नये, त्याचा तो विषयच नाही. घरोघरी सांत्वनाला वेदान्त सांगणारे मात्र साक्षी आणि ती बाई यांची गल्लत करतात, आणि लेकाचं दुःख त्यांना कळलेलंच नसतं.

या मुलखात दुसराही एक आवाज आहे. मुखेडच्या दक्षिणेला, आता कर्नाटकात असलेल्या बसवकल्याणात, मुकुंदराजांच्याच शतकात बसवण्णा होऊन गेले. देहच देऊळ, ही त्यांच्या परंपरेची भूमिका. म्हणून इष्टलिंग देवळात नसतं, अंगावर असतं. आणि गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. देहाला इतका मान देणाऱ्या विचाराला मायक्रोग्लियांची बातमी पचायला कमी जड जावी. इथे पूजा करणारी बोटं ही साधन म्हणून बाजूला काढायची वस्तू नाही. लेकाला न ओळखणारी माय तळहातावरच्या लिंगाला बेल वाहते तेव्हा तिच्यातलं काय शिल्लक आहे, याचा हिशेब या बाजूने मांडला तर तो शून्य येत नाही. ती बोटं तीच आहेत, आणि बोटं हीही ती आहे. या विचाराचे स्वतःचे पेच आहेतच. देह देऊळ असेल तर ते पडतानाही पाहावं लागतं, आणि साक्षीसारखी मागच्या दाराने निघून जायची सोय त्यात नाही.

पेच पुढे आणखी वाढतो. मायक्रोग्लियांना जगवणाऱ्या त्याच जनुकाची एकच प्रत बिघडली तर माणूस लहानपणी ठीक असतो आणि ऐन चाळिशीच्या आसपास त्याचा स्वभाव, चाल, बुद्धी ढासळायला लागते. अशा काही रुग्णांना दुसऱ्याची अस्थिमज्जा दिल्यावर आजाराची घसरण थांबल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे. दात्याच्या मज्जेतून निघालेल्या पेशी रुग्णाच्या मेंदूत शिरतात आणि बिघडलेल्या मायक्रोग्लियांची जागा घेतात. ही कल्पनाच आहे असं नाही: रक्ताच्या आजारांसाठी पुरुषाची मज्जा मिळालेल्या स्त्रियांच्या मेंदूत, त्यांच्या मृत्यूनंतर, वाय गुणसूत्र असलेल्या अशा पेशी सापडल्या आहेत. भावाच्या हाडातून निघालेली पेशी बहिणीच्या मेंदूत फिरते आणि कुठली जोडणी राहावी, कुठली जावी, यात तिचा हात असतो. मज्जा बदलण्याआधी कुणी रुग्ण डॉक्टरांना विचारतो, "साहेब, मी हाय तसाच ऱ्हाईन ना?" डॉक्टर हो म्हणतात. आजवरचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. 'तसाच' कशाने ठरतं, हे मात्र मज्जेच्या संमतिपत्रावर लिहिलेलं नसतं.